खोडलेले पान शहाण्णव

मित्रांनो, मी व्याकरणाची एक जुनी सरावपुस्तिका आहे. घरात मला सगळे नुसते 'हिरवी वही' म्हणत. माझी छपाई कोणत्या साली झाली ते मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलेले होते, पण तो कोपरा केव्हाच झिजून गेला. म्हणून साल असे सांगते. घरातल्या धाकटीचा पहिला दात पडला, तो तिने घासाबरोबर गिळून टाकला आणि 'आता माझ्या पोटात दातांचं झाड उगवेल' म्हणून ती दोन दिवस रडत बसली, त्या वर्षी मी त्या घरात आले.

त्याआधी मी एका छापखान्यात होते. तिथे मोठमोठ्या कागदांवर शाई उमटली, घड्या पडल्या, पाठीत दोन तारा ठोकल्या गेल्या आणि तीन बाजूंनी पाते फिरले. अशी मी शहाण्णव पानांची झाले. माझा कागद जाड आणि मऊ होता. पुठ्ठ्यावर एका मुलीचे आणि एका मुलाचे चित्र होते. दोघे पुस्तकात डोके घालून बसले होते आणि चित्रकार त्यांची नाके काढायला विसरला होता.

दुकानाच्या फळीवर माझ्यासारख्या आणखी आठ जणी होत्या. एका दुपारी एक बाई दोन मुलींना घेऊन आत आली. तीच आई. मोठी मुलगी थोरली, आणि जिचा दात पडला होता ती धाकटी.

"मुलगी कितवीत आहे?" दुकानदाराने विचारले.

"कितवीतच नाही. घरी शिकते."

"असं? मग वय सांगा."

"दहा."

"दहाला ही." त्याने गुळगुळीत पुठ्ठ्याची एक जाडजूड वही पुढे सरकवली.

"काका, वय विचारून चपला घेतात. वह्या नाही."

"चपलासुद्धा पाय बघून घेतात, ताई."

"मी तेच म्हणतेय," आई म्हणाली, आणि दुकानदार हसत बाजूला झाला.

वही निवडायची तिची एक पद्धत होती. पहिली पाने ती बघतच नसे. पहिली पाने सगळ्यांचीच गोड असतात, असे ती म्हणे. ती वही बरोबर मधोमध उघडायची, मुलीच्या हातात पेन्सिल द्यायची आणि म्हणायची, "एवढं कर." दुकानातच, उभ्याने. थोरलीने पहिली वही शेंगा सोलाव्यात तशी सोलून टाकली. ती फार सोपी. दुसरीशी तिचे डोळे भरून आले. ती फार अवघड. मग मला उघडले. थोरलीने माझ्याकडे पाहिले, पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली आणि खालचा ओठ दातांत धरला.

"हीच," आई म्हणाली.

"अहो, तिला आवडली का ते तरी विचारा!" दुकानदार म्हणाला.

"यांना नाकं नाहीयेत," थोरली म्हणाली.

"मग तू काढ. काका, खोडलं तर फाटेल का हा कागद?"

"चार वेळा खोडा. ढिम्म हलणार नाही."

हा प्रश्न तिने का विचारला ते मला घरी गेल्यावर कळले.

घर म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचे छप्पर आणि नदीकडे उघडणारी एक खिडकी. बाबा पूल बांधणाऱ्यांकडे मोजणीचे काम करीत. एक पूल उभा राहिला की दुसऱ्या नदीवर बोलावणे येई. सात-आठ महिने झाले की बिऱ्हाड पाठीवर. एका वर्षात थोरलीच्या तीन शाळा झाल्या. तिसऱ्या शाळेत तर तिला मागच्या बाकावर बसवले आणि सुट्टी लागेपर्यंत तिचे नाव कोणी विचारले नाही. तेव्हा आई म्हणाली, "बस झालं. माझ्या मुली मी शिकवीन."

बिऱ्हाड एका छोट्या टेम्पोत मावले पाहिजे, हा त्या घरचा कायदा. म्हणून हिशेब आणि शुद्धलेखन पाटीवर, रफ कागद रद्दीत, आणि वह्यांसाठी एक रीत ठरलेली. लिहायचे फक्त पेन्सिलीने. वही पुरी झाली की जिने लिहिली तिनेच ती पहिल्या पानापासून खोडायची, पुन्हा कोरी करायची आणि धाकट्या बहिणीच्या हातात द्यायची. त्या दिवशी खोडणारीचे कौतुक होई. वही खोडणे म्हणजे वरच्या पायरीवर चढणे, असे त्या घरात मानत.

थोरलीने आधी दोन्ही चित्रांना नाके काढली. मुलाचे जरा बटाट्यासारखे झाले. मग ती अभ्यासाला लागली. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली घडी घातलेला कागद. मी त्या टेबलावर आणि धाकटी टेबलाखाली. थोरलीची पेन्सिल माझ्यावर अशी रुतायची की पुढच्या दोन पानांना कळावे.

"अगं, दाबून लिहू नकोस," आई रोज ओरडायची. "खोडताना हात भरून येतील तुझे."

"हलकं लिहिलं की मला खरं वाटत नाही," थोरली म्हणायची.

एक्केचाळीस नंबरचे पान तिला चार दिवस सुटले नाही. तिने आईला विचारले. आईने भाजी चिरता चिरता बराच वेळ पानाकडे पाहिले आणि म्हणाली, "आधी तू प्रयत्न कर." टेबलाखालून धाकटी ओरडली, "ताई, आईला येत नाहीये!" तिला लाटणे दाखवण्यात आले. साठाव्या पानावर थोरली रडली. एक टपोरा थेंब माझ्यावर पडला आणि तिथला कागद फुगला. पण ती उठली नाही. ओठ चावत तिने ते पान पुरे केले. मित्रांनो, कौतुक मी पुष्कळ ऐकले, पण त्या थेंबाएवढा मान मला कोणी दिला नाही.

वर्षाने मी भरत आले. शेवटचे पान, शहाण्णवावे, पत्राचे होते. वर छापले होते: 'जवळच्या व्यक्तीला पत्र लिहा.' खाली बारा ओळी. एका बुधवारी थोरलीने त्या बारा ओळी लिहिल्या. हाताचा आडोसा करून लिहिल्या. मग ती टेबलाखाली वाकली आणि धाकटीच्या कानात म्हणाली, "शेवटच्या पानावर तुझ्यासाठी काहीतरी आहे. ते पान मी खोडणार नाही. वाढदिवसाला बघायचं. आधी बघितलंस तर बघ."

पत्राला मागच्या पुठ्ठ्याच्या आत छापलेल्या उत्तरांत उत्तर नसते, म्हणून ते पान आईने तपासायचे राहिले.

धाकटीचा आठवा वाढदिवस पुढच्या गुरुवारी होता. त्या दिवशी मी तिला द्यायची असे ठरले. रविवारी दुपारी थोरली खोडायला बसली. जेवताना तिने अर्धे ताट तसेच ठेवले होते.

"आई, डोकं दुखतंय."

"उन्हात होतीस ना नदीवर? थोडंच राहिलंय बाळा, तेवढं उरक आणि मग पड. मधेच सोडलंस की राहून जातं."

थोरली खोडू लागली. पांढरा खोडरबर, तोही बोटाच्या पेराएवढा उरलेला. एक एक पान ती पुसत गेली, चुरा फुंकत गेली. साठाव्या पानाशी थांबून तिने फुगलेल्या कागदावरून बोट फिरवले. अठ्ठ्याऐंशी पाने झाल्यावर तिने डोके टेबलावर टेकले आणि तशीच झोपली. आठ पाने राहिली.

आई तिला उचलून खाटेवर निजवायला गेली. अंग तापले होते. खोडरबर तिच्या मुठीत होता. मूठ सोडवायला गेले तर ती जागी होईल म्हणून आईने तो तसाच राहू दिला. आठ पानांसाठी कशाला मुलीला उठवायचे, असे तिच्या मनात आले असेल. तिने बाबांच्या मोजणीच्या डब्यातला खोडरबर घेतला. तो नकाशावरची शाई काढायचा. दगडासारखा कठीण आणि खरखरीत.

उरलेली आठ पाने आईने खोडली.

मित्रांनो, तिने ते प्रेमाने केले. पण तिचा एक कान खाटेकडे होता आणि खिडकीतला उजेड उतरत चालला होता. ती अक्षरे पाहत होती, वाचत नव्हती. शहाण्णवाव्या पानावर थोरली सगळ्यांत जास्त दाबून लिहीत गेली होती. आईने तिथे सगळ्यांत जास्त जोर लावला. एका जागी माझा कागद विरला, आणखी विरला, आणि नखाएवढे भोक पडले. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. तिने मला फुंकर मारली, तपकिरी कागदात गुंडाळले आणि टेबलावर ठेवले.

रात्री तिघे थोरलीला घेऊन दवाखान्यात गेले. नंतर शेजारच्या बाई येऊन कुलूप लावून गेल्या. मी टेबलावर होते. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दार उघडले तेव्हा पुष्कळ चपला आल्या, पण त्यांत थोरलीच्या नव्हत्या.

गुरुवारी, वाढदिवसाच्या दिवशी, घरात चूल पेटली नव्हती. धाकटीने मला स्वतःच उचलले. कागद सोडला आणि सरळ शेवटचे पान उघडले. पान कोरे होते. मग मला घेऊन आईकडे गेली.

"आई, ताईनं माझ्यासाठी लिहिलं होतं. इथं. ती म्हणाली होती, वाढदिवसाला बघ."

आईने मला हातात घेतले. तिच्या बोटांवरून मी ओळखले, तिला सगळे एका क्षणात कळले होते. तिने पान उलटे केले, सुलटे केले. मग पहिल्या पानापासून उलटत निघाली. कुठे एखादे अक्षर राहिले असेल, एखादा काना, एखादे टिंब. थोरली खोडायला पक्की होती. काही राहिले नव्हते. आदल्या वर्षीच्या वह्या तशाच कोऱ्या होऊन धाकटीकडे गेल्या होत्या, पाटी कितीदा पुसली होती, रफ कागद दोन गावे मागे राहिले होते. अख्ख्या घरात थोरलीच्या हातचे दोनच आकार शिल्लक होते, माझ्या पुठ्ठ्यावरची दोन नाके.

बाबा दारात उभे होते. "काय लिहिलं होतं गं तिनं?" त्यांनी विचारले.

"मी वाचलं नाही हो," आई म्हणाली. "मी वाचलंच नाही."

मला पत्र्याच्या पेटीत, थोरलीच्या निळ्या झग्यात गुंडाळून ठेवले गेले. त्या दिवसापासून त्या घरात खोडरबर आला नाही.

पुढची तीन वर्षे मी अंधारात होते. तरी बाहेरचे कळत असे, कारण धाकटीच्या भरलेल्या वह्या माझ्या शेजारी येऊन पडत. आता वह्या खोडायच्या नव्हत्या, टाकायच्याही नव्हत्या. टेम्पोत पेटी जड झाली तरी बाबा काही बोलत नसत. त्या वह्या मला त्यांच्या कहाण्या सांगत. धाकटीचे चुकले की ती आडवी रेघ मारते आणि शेजारी पुन्हा लिहिते, म्हणून त्यांची पाने काटेरी कुंपणासारखी झाली होती. अर्ध्या तर निम्म्यावरच सोडलेल्या. काही फार सोप्या, काही फार अवघड.

"तुमची निवड कशी झाली?" मी एकीला विचारले. "मधले पान उघडले का?"

"छे! तिने शेवटचे पान उघडले. त्यावर पत्र लिहायला सांगितले असले की वही परत फळीवर. दुकानदार म्हणाला, बाई, लोक वही पुढून बघतात. तर म्हणाली, मी मागून बघते. मुलगी बाजूला उभी होती, तिच्या हातात पेन्सिल दिलीच नाही."

मला फार वाईट वाटले. जी बाई मुलीचा ओठ बघून वही निवडायची, ती आता वहीचा फक्त शेवट बघत होती. धाकटी त्यामुळे मागे पडत चालली होती. ती बुद्धीने कमी नव्हती. तिच्या मापाची वही तिला मिळतच नव्हती, आणि आईला ते सांगणार कोण?

ती अकरा वर्षांची झाली तेव्हा तिने पेटी उघडली. दुपारचे चार वाजले असतील. बाबा कामावर होते, आई पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटीने निळा झगा सोडला, एकदा तोंडाशी धरला आणि मला खिडकीपाशी नेले. तिच्या हातात पेन्सिल होती. तिने मला बरोबर मधोमध उघडले. दुकानात ताईची पेन्सिल माझ्यावर कशी थांबली होती ते तिच्या लक्षात राहिले होते. तिने लिहायला पेन्सिल टेकवली आणि खालचा ओठ दातांत धरला.

पेन्सिल चालली, अडखळली आणि एका खाचेत घसरली. धाकटीने हात उचलला. मला तिरपे धरले. खिडकीतले ऊन आता आडवे येत होते, आणि त्या उन्हात माझ्या कोऱ्या पानावर थोरलीची अक्षरे शेतात नांगराने काढलेल्या तासांसारखी दिसू लागली. मित्रांनो, शिसे निघून गेले होते, पण दाब गेला नव्हता. तीन वर्षे मी ते जपून ठेवले होते. मला बोलता येत नाही, म्हणून कोणाला सांगता आले नव्हते.

धाकटीने घाईघाईने शेवटचे पान काढले.

"आई! आई, इकडे ये! आधी ये, मग ओरड!"

आई आली. माझ्याकडे पाहून ती दारातच थांबली. "कशाला काढलीस ती? ठेव आधी."

"आई, दिसतंय. उन्हात धरलं की दिसतंय. बस ना. मी वाचते."

आई खाली बसली. तिला तशी अक्षरे दिसेनात, डोळे सारखे भरत होते. धाकटीने बोटाने चाचपत, एकेक शब्द लावत वाचले.

"धाकटे, आता ही वही तुझी. पान एक्केचाळीस अवघड आहे. आईला विचारू नकोस, तिलाही येत नाही."

आईच्या तोंडून हसू फुटले आणि तिने पदर तोंडात कोंबला.

"पान साठवर मी रडले होते. तिथं कागद फुगलाय. तू रडलीस तरी चालेल. पण तुझा डाग माझ्याच डागावर पाड, म्हणजे एकच दिसेल. चित्रातल्या मुलाचं नाक बिघडलंय, त्याला हसू नकोस. आईला सांग की..."

धाकटी थांबली. त्यापुढे भोक होते. भोकाच्या कडेचा कागद ओळभर झिजून पांढरा पडला होता. त्याखाली फक्त 'तुझी ताई' एवढे होते.

"आईला सांग की काय?" आईने विचारले. "काय लिहिलंय पुढं?"

धाकटीने एकदा भोकाकडे पाहिले आणि एकदा आईकडे. अकरा वर्षांची पोर ती. पण त्या घटकेला ती आईपेक्षा मोठी झाली.

"आईला सांग की," ती वाचल्यासारखे म्हणाली, "माझं डोकं फार दुखत नव्हतं."

 वही बुधवारीच लिहून पुरी झाली होती आणि डोके दुखले रविवारी. हे आईइतके कोणाला ठाऊक असणार? तिने हात पुढे केला आणि बोटाचे टोक त्या भोकात ठेवले. आपण किती जोर लावला होता ते तिने मोजले. मग बोट काढून घेतले.

"असं लिहिलंय?"

"हो."

"बरं झालं, वाचून दाखवलंस."

तिने धाकटीला जवळ ओढले आणि तिचे डोके आपल्या मानेखाली असे दाबून धरले की मी त्या दोघींच्या मधे चुरगळले. 

त्या भोकात खरे काय होते ते मला ठाऊक आहे, कारण ते माझ्यावरच लिहिले होते. तुम्हाला सांगते. तिथे होते: 'आईला सांग की तुला नवा खोडरबर घे, माझा संपत आलाय.' बस, एवढेच. त्यात माफी नव्हती आणि निरोप नव्हता. जगायला निघालेल्या मुलीचे ते एक साधे काम होते. आईला ते कळले असते तर बरे झाले असते की वाईट, याचा विचार मी इतकी वर्षे करते आहे. मला उत्तर सापडलेले नाही, आणि माझ्या मागच्या उत्तरांतही ते नाही.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी माझ्यावर लिहू लागली. ताईच्या खाचांवर नाही, त्यांच्या शेजारी, हलक्या हाताने. साठाव्या पानावर ती रडली आणि तिने डाग बरोबर डागावर पाडला. पुढच्या वर्षी वह्या घ्यायला गेल्यावर आईने एक वही मधोमध उघडली आणि धाकटीच्या हातात पेन्सिल दिली, असे त्या नव्या वहीने मला सांगितले. पण शेवटच्या पानावर अजून कोणी लिहिलेले नाही. तिथे जागा आहे, बारा ओळी आहेत, त्यांना फक्त एक भोक आहे.

आता माझ्या तारा गंजल्या आहेत आणि पुठ्ठा सुटला आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही लहान भावंडांच्या वह्या असतील, चुका केलेल्या, गिचमिड, डाग पडलेल्या. त्या पुसा, रद्दीत द्या, माझी तक्रार नाही. जागा सगळ्यांनाच लागते. पण पुसण्याआधी एकदा वाचा. उजेडाकडे धरून, घाई न करता वाचा. आणि एखादे मूल आठ पाने राहिली असताना डोके टेकवून झोपले, तर ती पाने तशीच राहू द्या.

थोरली गेली ती बुधवारी सकाळी, दवाखान्यात, मेंदूच्या तापाने. धाकटीच्या आठव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. ती अकरा वर्षे आणि दोन महिन्यांची होती.